डबल बेल

नाव बसलिंग, नोकरी बसवर,
निलंगा डेपोत सत्तावीस वर्षं या एका विनोदावर काढली.
मग आतड्याला पीळ पडला.
काळं पडलेलं कापलं, उरलेलं टोक डाव्या अंगाला बाहेर काढलं,
डॉक्टर म्हणाले, सध्या इथून.
सध्या म्हणजे अकरा महिने.

आई म्हणायची, गोष्ट पोटात ठेवावी.
माझ्या तर पोटालाच तोंड फुटलं,
लालबुंद, ओलं, डाळिंबाच्या फुलासारखं,
आणि त्याला वेळकाळ नाही.
मयतीला बोलायचं, साखरपुड्याला बोलायचं,
एकदा शिवकीर्तनात,
महाराजांनी श्वास घेतला नेमक्या त्या फटीत.

महानंदा त्याला पाहुणा म्हणायची.
पाहुणा उठला का, पाहुण्याचं आवरू का.
नळ आठ दिवसाला,
तरी घागरीतला पहिला तांब्या पाहुण्याचा,
मग भांड्यांचा, मग तिचा.
तिच्या आतड्याला कुठं पीळ पडलाय का
हे मी अकरा महिन्यांत एकदाही विचारलं नाही.

चामड्याची पिशवी डेपोत जमा केली.
मला बसवलं चौकशीच्या खिडकीत, काचेआड.
लोक विचारायचे, औरादची कधी, उदगीरची कधी,
मी सांगायचो.
आपली कधी, हे विचारायला
कुठली खिडकी नव्हती.

लातूरला कासले मॅडम म्हणाल्या, आता जोडून टाकू, दुर्बिणीतून.
दुर्बीण लांबचं बघायला असते एवढंच मला ठाऊक.
आपलं आतलं इतकं लांब असतं, हे नवीन.
शुद्धीवर आलो तर पोटावर चार बारकी भोकं
आणि पाहुण्याच्या जागी एक पट्टी.
नोकरीला लागलो तेव्हा चिमटा होता हातात,
किती तिकिटांना भोकं पाडली, मोजदाद नाही.
आज कुणीतरी मला पाडली.

जोड धरला की नाही, ते आतडंच सांगणार.
तोवर सगळा वॉर्ड एका बातमीवर बसलेला:
वारं सरलं का?
मॅडम विचारायच्या, झाडणारी मावशी विचारायची,
शेजारच्या खाटेवरचे हर्नियाचे इनामदार चाचा
मोसंबी सोलता सोलता,
"क्या मास्तर, गाडी निकली क्या?"
महानंदा काही विचारत नव्हती.
नुसती बघायची,
बघता बघता ऐकल्यासारखी.

चौथ्या दिवशी पहाटे,
औसा रोडवर पहिली गाडी गिअर बदलत होती,
तेव्हा झालं ते.
जुन्या वाटेनं. लहानसं, कोरडं.
आणि लगेच दुसरं.
मी अंधारात म्हणालो, डबल बेल.

महानंदा उठून बसली,
पदर तोंडात कोंबून हसायला लागली,
हसणं थांबेना,
मग ते हसणं राहिलं नाही.
चाचा पांघरुणातूनच म्हणाले, मुबारक.

आता परत गाडीवर आहे.
खड्डा आला की डावा हात अजून तिथंच जातो,
सांडेल म्हणून.
हाताला लागतं चामडं, आत सुट्टे पैसे.

ट्रंकेत सहा कोऱ्या पिशव्या उरलेल्या.
टाकूलालाव का काय, महानंदा म्हणाली,
एकेक किती महाग आणली.
म्हणून मॅडमकडं द्यायला गेलो.
बाकावर एक कॉलेजचं पोरगं,
शर्ट दोन माप मोठा,
डावी बाजू भिंतीला लावून बसलेलं.
पिशव्यांचा पुडा मांडीवर धरून
मी त्याच्याशेजारी टेकलो.
काय बोलावं सुचेना.
सवयीनं तोंडातून गेलं,
कुठपर्यंत?

त्यानं एकदा पुड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.
म्हणाला,
अजून पाच महिने.